सुई तिथं आली कशी?

हॉस्पिटलात कुणाला सुई टोचली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पेशंट कोणता होता?" विचारणारे डॉक्टर असोत, मेट्रन असोत नाहीतर शेजारच्या कॉटवरचा नातेवाईक असो, प्रश्न हाच. "अपेंडिक्सचा हो, कॉलेजचा पोरगा," असं उत्तर आलं की सगळे निवांत होतात. "तो कोपऱ्यातला, एचआयव्हीवाला," असं आलं की वॉर्डभर कुजबुज सुरू होते आणि जिला टोचलीय तिच्याकडे लोक असे बघायला लागतात, की जणू निकाल लागलाच. नर्सिंगमध्ये माझं सगळं आयुष्य गेलं, शेवटची काही वर्षं इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर म्हणून गेली, आणि या प्रश्नाचा मला हळूहळू राग यायला लागला. उपचार ठरवताना तो विचारावाच लागतो, ते मान्य. पण सुई टोचली याचा अर्थ ती जिथं असायला नको तिथं होती. ती तिथं आली कशी, हे आमच्याकडे बहुधा कुणी विचारतच नसे.

आमच्या ट्रेनिंगच्या काळात सिरिंज काचेच्या होत्या. स्टरलायझरमध्ये उकळायच्या, चिमट्यानं उचलायच्या. सुया धुऊन, आतून तार घालून साफ करायच्या. सुईचं टोक कापसाच्या बोळ्यावरून फिरवून बघायचं. तंतू अडकला की समजायचं, टोक वळलंय. मग ती दगडावर घासायची. सुया मोजून मिळायच्या आणि मोजून द्याव्या लागायच्या, एक कमी भरली तर वॉर्ड सिस्टर रात्रपाळीच्या मुलीला सकाळी घरी सोडत नसत. त्या काळाचे गोडवे गायला मी बसलेली नाही. घाईघाईत उकळलेल्या सिरिंजमधून किती पेशंटना कावीळ लागली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पुढे एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या सिरिंज आल्या आणि पेशंटच्या दृष्टीनं ते वरदानच ठरलं. फक्त एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. सुई स्टॉक रजिस्टरमध्ये होती तोवर ती हरवत नव्हती. ती कचरा झाली त्या दिवसापासून तिला मालक उरला नाही. पेशंटच्या वाटचा धोका उचलून आम्ही सफाईवाल्या मावशींच्या वाटेत ठेवला.

मग एड्स आला. भारतातल्या पहिल्या केसेस १९८६ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये सापडल्या, आणि काही वर्षांत आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या हॉस्पिटलांतही तो शब्द पोचला. जी भीती मी तेव्हा पाहिली ती त्याआधी कधी पाहिली नव्हती, नंतर थेट कोविडात पाहिली. कॉट भिंतीकडे सरकवलेली, केसपेपरवर लाल शाईनं फुली, जेवणाचं ताट दारातून आत ढकललेलं. त्या पेशंटचं रक्त घ्यायचं असलं की दोन-दोन ग्लोव्ह घालायचे. शेजारच्या कॉटवरच्या, 'स्वच्छ' वाटणाऱ्या पेशंटचं मात्र उघड्या हातानं.

आकड्यांकडे बघितलं की ही भीती किती उलटी होती ते कळतं. रक्तातून पसरणारे तीन मोठे विषाणू म्हणजे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. बाधित रक्तानं माखलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता किती, हे आम्ही नवीन मुलींना एका दमात पाठ करायला लावायचो: तीस, तीन, शून्य पूर्णांक तीन. म्हणजे लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत, सी होण्याची शंभरात तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि एचआयव्हीची हजारात तीन. त्यात पुन्हा बी चा विषाणू चिवट. वाळलेल्या रक्ताच्या डागात, टेबलाच्या कडेवर, ट्रेच्या कोपऱ्यात तो सात दिवससुद्धा तग धरतो. शंभरपट जास्त लागणारा रोग 'कावीळ' म्हणून घरगुती होऊन बसला होता, आणि हजारात तीनवाल्यासाठी दाराबाहेर ताट. बरं, लस कशावर आहे? त्या तिसावाल्यावरच. एचआयव्हीवर नाही, सी वर नाही. (सी आता गोळ्यांनी साधारण बारा आठवड्यांत पूर्ण बरा होतो, हे आमच्या पिढीला अजून खरं वाटत नाही.)

लाल फुलीबद्दल माझं मत पक्कं आहे. ती अन्यायाची होतीच, शिवाय धोक्याचीही होती. फुली नसलेल्या केसपेपरवर हात सैल सुटतात. ज्याची तपासणी झालेली नाही, ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, ज्याचा रिपोर्ट उद्या येणार आहे, त्याच्या केसपेपरवर फुली कुठून असणार? अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, १९८७ मध्ये सांगितलं की प्रत्येक पेशंटचं रक्त बाधित आहे असं समजूनच काम करा. कोण पेशंट हे विचारूच नका. अपेंडिक्सचा कॉलेजचा पोरगा आणि कोपऱ्यातला एचआयव्हीवाला, दोघांसाठी तेच ग्लोव्ह, तोच डबा, तीच शिस्त. आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही कायदा आला, तो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. कुणाचा रिपोर्ट असा चव्हाट्यावर मांडायला त्यानं बंदी घातली, आणि त्याच कायद्यात कामगारांसाठीही एक कलम आहे: जिथं कामातून एचआयव्हीचा धोका आहे तिथं मालकानं सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधं द्यायची. पेशंटची गुप्तता आणि नर्सची सुरक्षा एकाच कायद्यात बसवली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आमच्याकडे मात्र या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असंच मानून भांडणं व्हायची. "आम्हाला कळायलाच पाहिजे कुणाला काय आहे ते!" कळून काय करणार, तर बाकीच्यांच्या बाबतीत निष्काळजी राहणार.

आता प्रत्यक्ष सुईकडे येते. इंजेक्शन देताना फारसं कुणाला टोचत नाही. तेव्हा सगळं लक्ष तिथंच असतं. टोचते ती नंतर. इंजेक्शन झालं, उजव्या हातात सिरिंज, डाव्या हातात टोपी. टोपीचं तोंड जेमतेम काही मिलिमीटरचं. त्याच क्षणी मागून हाक येते, "सिस्टर, सलाईन संपलं!" मान वळते, हात वळत नाही, आणि सुई टोपीच्या बाजूनं निसटून डाव्या अंगठ्यात किंवा तर्जनीत जाते. टोपी परत लावू नका, ही सूचना प्रत्येक नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर चिकटवलेली असते. तरी मुली टोपी लावतात. वर्षानुवर्षं त्यांना त्यासाठी बोलणी बसली: हलगर्जी, लक्ष नाही, मोबाइलमध्ये असतात.

इन्फेक्शन कंट्रोलचं काम अंगावर आलं तेव्हा मी एक साधी गोष्ट केली. वॉर्डात खुर्ची टाकून बसले आणि बघत राहिले. मेडिसिनचा फीमेल वॉर्ड, दोन्ही बाजूंना कॉटा, शिवाय खाली गाद्या. सुया टाकायचा पांढरा डबा कुठं, तर नर्सिंग स्टेशनच्या टेबलाखाली, नीडल बर्नरच्या, म्हणजे सुया जाळायच्या यंत्राच्या शेजारी. बर्नरचा प्लग पंख्याच्या बोर्डवर, म्हणून टेबल हलवता येत नाही. शेवटच्या खाटेपासून डब्यापर्यंत अख्खा वॉर्ड चालायचा, हातात उघडी सुई, वाटेत खाली झोपलेल्या बायका, त्यांची पोरं, डबे घेऊन उभे नातेवाईक. त्या गर्दीतून उघडी सुई नाचवत नेणारी मुलगी निष्काळजी की टोपी लावून नेणारी? ती टोपी लावत होती ती इतरांना टोचू नये म्हणून. तिच्या दृष्टीनं ती शिस्तच पाळत होती, आणि आम्ही तिला शिस्त शिकवत होतो.

उपाय अजिबात भारी नव्हता. ड्रेसिंग ट्रॉलीच्या कडेला डबा बसवायचा क्लॅम्प करून घेतला. डबा ट्रॉलीबरोबर फिरतो, खाटेपाशी जातो, सुई हाताच्या अंतरावर पडते. डबा पाऊण भरला की बंद करून बदलायचा. काठोकाठ भरू दिला तर वरची सुई टाकणाऱ्याच्याच बोटात घुसते. टोपी लावावीच लागली तर एका हातानं: टोपी ट्रेमध्ये आडवी ठेवायची, सुईनंच ती उचलायची, दुसरा हात पाठीमागे. हे पाठीमागे हात घेणं मी मुलींकडून शाळेतल्या कवायतीसारखं करून घ्यायची. हसायच्या. पण तो दुसरा हात रिकामा, मोकळा समोर असला की तो आपोआप मदतीला धावतो, ही त्या हाताची सवयच. ग्लोव्ह घाला म्हणायचे तेव्हा हटकून कुणीतरी विचारायची, "सिस्टर, सुई तर ग्लोव्हमधून आरपार जाते, मग उपयोग काय?" प्रश्न बरोबर होता. ग्लोव्ह सुई अडवत नाही. मात्र सुई रबरातून जाताना बाहेरचं बरंचसं रक्त रबरावरच पुसलं जातं, आत थोडंच पोचतं. पोकळ सुई आणि टाके घालायची भरीव सुई यांतही असाच फरक आहे. पोकळ सुईच्या पोटात रक्त भरलेलं असतं, म्हणून शिरेतून काढलेली सुई सगळ्यात वाईट.

वापरल्यावर टोक आपोआप झाकलं जाईल किंवा आत ओढलं जाईल अशा सुया जगात कधीच्या आहेत. अमेरिकेनं २००० साली कायदाच केला की मालकांनी अशी साधनं घ्यावीत, आणि ती निवडताना ती वापरणाऱ्या नर्सांना, टेक्निशियनना विचारावं. हे विचारणं मला त्या सुईपेक्षाही मोठं वाटतं. आपल्याकडे सुया टेंडरनं येतात, आणि टेंडर सगळ्यात कमी दराला जातं. दर ठरवणाऱ्या टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणाच्याही बोटात गेल्या वीस वर्षांत सुई गेलेली नसते.

हे सगळं झालं नर्सांचं, डॉक्टरांचं. त्यांच्या हातात सुई असते, निदान ती कुठं आहे हे त्यांना दिसतं तरी. मावशींना दिसत नाही.

एका पावसाळ्यात दुपारच्या ओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलायच्या वेळी आमच्या एक मावशी माझ्या टेबलापाशी येऊन उगाच घुटमळत होत्या. ठेकेदाराकडच्या, लागून जेमतेम काही महिने झालेले. "काय हो मावशी?" तर "काही नाही सिस्टर, एक पट्टी देता का?" साडी थोडी वर घेतली तर पोटरीवर एक बारीक लाल ठिपका, आणि सभोवार पिवळं. हळद. आदल्या दिवशी सकाळी लाल पिशवीचं तोंड बांधून त्यांनी ती उचलली, जिना उतरताना पिशवी पायावर आपटली आणि आतून काहीतरी टोचलं. लाल पिशवीत काय जायला हवं? सलाईनच्या बाटल्या, नळ्या, कॅथेटर, ग्लोव्ह, सुई काढलेल्या सिरिंज. सुई पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, रक्ताचे बोळे पिवळ्यात. हॉस्पिटलच्या कचऱ्याचे हे २०१६ चे नियम आम्ही रंगीत तक्ते करून लावले होते. पण कुणीतरी घाईत सुईसकट सिरिंज लाल पिशवीत टाकली होती. ज्यानं टाकली त्याला काहीच झालं नाही, त्याला ते कधी कळणारही नव्हतं.

"कालच का नाही सांगितलंत?" असं मी विचारलं, आणि विचारताक्षणीच उत्तर मला ठाऊक होतं. सुपरवायझर म्हणाला असता, बघून उचलायला काय झालं होतं. त्या दिवसाचा खाडा पडला असता. आणि सगळ्यात मोठं कारण त्यांनी हळूच सांगितलं: "रक्त तपासतील ना सिस्टर. तपासलं आणि काही निघालं, तर म्हणतील हिला आधीचंच आहे." त्यांनी हे सगळं एका रात्रीत, एकट्यानं, विचार करून ठेवलं होतं.

टोचल्यावर काय करायचं ते थोडक्यात सांगते, कारण ते बहुतेकांना चुकीचं ठाऊक असतं. साबण आणि वाहतं पाणी. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच, आयोडीन, हळद काही नाही. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्यानं किंवा सलाईननं धुवायचं. मग लगेच सांगायचं. एचआयव्ही रोखायच्या गोळ्या, ज्यांना पीईपी म्हणतात, शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हव्यात. बहात्तर तास उलटल्यावर त्यांचा उपयोग नाही. रिपोर्टची वाट बघायची नाही, पहिली गोळी आधी, चौकशी नंतर, आणि कोर्स अठ्ठावीस दिवसांचा. झिडोवुडिन या जुन्या औषधावरचा १९९७ चा अभ्यास आहे. एकट्या त्या औषधानं धोका ८१ टक्क्यांनी कमी झाला होता. आता एका गोळीत तीन औषधं मिळतात. मावशींच्या बाबतीत पेशंट कोणता हे कळायला मार्गच नव्हता. पिशवी पाच वॉर्डांची. वेळ बहात्तर तासांच्या आत होती, सुई पोकळ होती, ताजी होती. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

खरं अवघड काम त्यानंतर होतं. ही गोळी म्हणजे एआरटी सेंटरवर एचआयव्हीच्या पेशंटना मिळते तीच. तोच डबा, तेच नाव. वस्तीत अर्ध्या लोकांना तो डबा ओळखता येतो. शिवाय पुढचे काही महिने, शेवटची तपासणी होईपर्यंत, नवऱ्याबरोबर कंडोम वापरायला सांगावं लागतं, आणि रक्तदान नाही. हे वाक्य मी बाईला सांगते तेव्हा ती मान खाली घालून 'हो' म्हणते, आणि घरी जाऊन सांगत नाही. सांगणार तरी कसं? "कचरा उचलताना टोचलं" हे नवऱ्याला, सासूला पटणार आहे का? मी मावशींना विचारलं, तुमच्या मिस्टरांना इथं घेऊन येता का, मी बोलते. दोन दिवसांनी ते आले. रिक्षावाले होते. स्टुलावर अर्धवट बसून त्यांनी सगळं ऐकलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पिशवीत सुई टाकली कुणी?" माझ्या अख्ख्या नोकरीत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस होता. मी त्यांना खरं ते सांगितलं: माहीत नाही, आणि शोधायची आमच्याकडे सोयही नाही. गोळ्यांचे डबे त्यांनी स्वतःच्या रिक्षाच्या डिकीत ठेवले. रोज रात्री मावशींना ते एक गोळी आणून देत. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा तपासण्या झाल्या, सगळ्या निगेटिव्ह आल्या.

या प्रसंगानंतर आम्ही सुया पिशवीपर्यंत पोचू नयेत, आणि पोचल्याच तर कुणाला टोचू नयेत, यासाठी बरंच काही केलं. पिशव्यांवर वॉर्डाचं नाव सक्तीचं केलं, पिशवी अंगापासून लांब धरून न्यायची आणि शक्यतो ढकलगाडीतूनच, पायांत चपलांऐवजी बूट. बूट आले ते सगळे एकाच मापाचे, पुरुषी. त्याची कथा वेगळी लिहावी लागेल. कचऱ्याची गाडी आली की सुयांचा डबा सामुदायिक प्रक्रिया केंद्रात जातो, तिथं निर्जंतुक करून तुकडे केले जातात किंवा सिमेंटमध्ये गाडल्या जातात, काही लोखंडाच्या भट्टीत वितळतात. असा शेवट झाला नाही तर काय होतं ते २००९ मध्ये गुजरातेत मोडासा इथं दिसलं. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी ची साथ पसरली आणि कित्येक माणसं दगावली. सिरिंज टाकताना सुई हबपाशी, म्हणजे ती सिरिंजला जोडलेली असते तिथं, कापायची ती पुन्हा कुणाच्या दंडात जाऊ नये म्हणूनच.

निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले आणि मला कळलं, की हॉस्पिटलात निदान तक्ता तरी असतो. सोसायटीत काही नसतं. आमच्या इमारतीत इन्सुलिन घेणारे किती असतील? जिन्यात गुडघ्यांबरोबर साखरेच्याच गप्पा चालतात. पेनच्या त्या बारीक सुया, साखर तपासायच्या लॅन्सेट जातात कुठं? बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात, दुधाच्या पिशवीत, सुक्या कचऱ्यात. आणि तो सुका कचरा सकाळी कचरावेचक बाई हातानं निवडते, कारण प्लॅस्टिक वेगळं, पुठ्ठा वेगळा, त्यातच तिचे चार पैसे. पुण्यात या बायकांची संघटना १९९३ पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडणाऱ्या बाईला न उघडता कळेल, ही मोहीम याच शहरातली. केसपेपरवरची लाल फुली मला आयुष्यभर खटकली, पण हा लाल ठिपका मला मनापासून आवडतो. फुली माणसावर होती, ठिपका वस्तूवर आहे. सुयांसाठी असा ठिपका अजून घराघरात पोचलेला नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया 'घरगुती घातक कचरा' म्हणून स्पष्ट लिहिलेल्या होत्या, सोसायटीच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं, तर एक काका म्हणाले, "पण आपल्याकडे सगळी चांगली माणसं राहतात हो." जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, कपडे धुण्याच्या लिक्विडची चालते, सुया तिच्यात टाका, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करा, वर 'सुया' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या. एवढं करायला चांगली माणसं तयार झाली, काकांसकट. सलूनवाल्यांचं मला कौतुक वाटतं. एड्सच्या भीतीनं का होईना, त्यांनी वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं पातं घालायची सवय लावून घेतली. काढलेलं पातं कुठं टाकता, हे मात्र त्यांना विचारून बघा.

राहता राहिली लस. सुई कुठून आली, पेशंट कोण होता, यांतलं काहीही माहीत नसलं तरी जी काम करते अशी आमच्या हातातली ही एकच गोष्ट. अमेरिकेत १९९१ च्या नियमानं मालकाला ही लस कामगारांना फुकट देणं बंधनकारक केलं. लस आणि डब्यांची शिस्त या दोन्हींमुळे १९८३ ते १९९५ या काळात तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधला हिपॅटायटिस बी सुमारे ९५ टक्क्यांनी उतरला. आपल्याकडे परदेशी लस फार महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं स्वतःची लस बाजारात आणली आणि दर कोसळले. २०११ पासून देशभरातल्या बाळांना ती सरकारी लसीकरणातच मिळते. त्यामुळे आमच्या वॉर्डातलं चित्र असं, की मावशींच्या मुलांना लस मिळालेली, मावशींना नाही. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहे, आणि ती जबाबदारी हॉस्पिटलची आहे. ठेकेदाराची नाही.

डोस तीन. आज, महिन्यानं, सहाव्या महिन्याला. ठेका अकरा महिन्यांचा. कागदावर सहज बसतं. प्रत्यक्षात मावशी येतात चौथ्या महिन्यात, जातात सातव्यात; कुणाची मुलगी बाळंत होते, कुणी गावी जातं, कुणाला ठेकेदार दुसऱ्या साइटवर टाकतो. पहिला डोस सगळ्यांना, दुसरा बऱ्याच जणींना, तिसऱ्याला वर्ग अर्धा रिकामा. लेखा विभाग म्हणायचा, माणूस सोडून गेला तर त्याच्यावर पुढचा खर्च कशासाठी? ठेकेदार म्हणायचा, लसीची कार्डं माझ्या ऑफिसात राहतील, रेकॉर्ड म्हणून. मी कार्डं मावशींच्या हातात द्यायला लागले आणि त्यांच्या मोबाइल नंबरांची एक वही ठेवली. वरिष्ठांशी वाद घालून एवढं कबूल करून घेतलं, की पहिला डोस इथं झाला असेल तर तिसराही इथंच, नोकरी असो वा नसो. फोन केले की निम्मे नंबर बंद लागायचे.

एक जण आली ती मॉलच्या हाउसकीपिंगच्या निळ्या गणवेशात, दुपारच्या सुट्टीत, धापा टाकत. दारातच थांबून म्हणाली, "सिस्टर, मी आता इथं नाहीये, चालंल ना?" दंडावर सुई दिली, कार्डावर तारीख घातली. दोन महिन्यांनी एकदा रक्त द्यायला ये, लस लागली का ते टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासून बघू, असं सांगितलं. टायटर दहाच्या वर असला की निर्धास्त. ती "येते" म्हणाली. आली नाही. दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा तिच्या मुलानं उचलला आणि सांगितलं, आई ड्यूटीवर असते, रविवारी करा.